हंगामी हरिकेन अंदाज पाहून बोटीचा मुक्काम ठरवावा का?

दक्षिणवारा

नमस्कार. आम्हा तिघा मित्रांची मिळून एक ३८ फुटी शिडाची बोट आहे, कॅरिबियनमध्ये असते. डिसेंबर ते मे अँटिग्वा ते ग्रेनाडा या पट्ट्यात फिरायचं, जून उजाडायच्या आत (जून ते नोव्हेंबर हा हरिकेनांचा, म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम) ग्रेनाडाला किंवा त्रिनिदादला जाऊन बोट पाण्याबाहेर काढायची आणि नोव्हेंबर सरला की परत जायचं, असा आजवरचा शिरस्ता.

आता आमच्यातला एक जण म्हणतो की दरवर्षी ही दक्षिणेची फेरी कशाला? कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचा अंदाज एप्रिलमध्ये येतो, नोआचा (अमेरिकेची सरकारी हवामान आणि समुद्र संस्था) मे महिन्याच्या अखेरीस. ज्या वर्षी अंदाज सरासरीपेक्षा कमी, त्या वर्षी बोट अँटिग्वातच पाण्यात ठेवू. जास्त असेल तेव्हाच खाली नेऊ. वेळ वाचेल, यार्डाचं भाडं वाचेल. माणूस बेफिकीर नाही, आकडे घेऊन बोलतो. मला पटत नाही, पण भागीदारीत नुसतं 'पटत नाही' म्हणून भागत नाही. या अंदाजांवर बोटवाल्याने कितपत विसंबावं? वर्षानुवर्षं लक्ष ठेवून असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गलबत

मित्राला २०१७ साल दाखवा. एप्रिलमध्ये कोलोरॅडोचा अंदाज होता नाव मिळण्याइतकी जोरदार ११ वादळं, त्यातली ४ हरिकेन, त्यातली २ तीव्र (पाचांपैकी तिसऱ्या किंवा वरच्या श्रेणीची). सरासरीपेक्षा किंचित कमी, कारण एल निनो येईल अशी चिन्हं होती (तो आला की अटलांटिकमधली वादळं दबतात). एल निनो आला नाही. प्रत्यक्षात १७ वादळं, १० हरिकेन, ६ तीव्र. हार्वी, इर्मा आणि मारिया एकाच हंगामात.

तुमच्या मित्राच्या नियमाने त्या वर्षी बोट अँटिग्वात राहिली असती. आणि ६ सप्टेंबरला इर्मा पाचव्या श्रेणीत बार्बुडावरून गेलं. बार्बुडा अँटिग्वाच्या उत्तरेला साधारण ३० मैलांवर. बार्बुडा बेचिराख झालं, अँटिग्वाला मामुली नुकसान. म्हणजे तुमची बोट बहुधा वाचली असती. पण ती वाचली असती अंदाजामुळे नव्हे, ३० मैलांमुळे. त्याच दिवशी टॉर्टोलाच्या पाराकीटा बे मध्ये काय झालं ते फोटोंत पाहा. चार्टर कंपन्यांनी हरिकेनसाठी नेमून ठेवलेली, खारफुटीने वेढलेली जागा ती. तिथे बोटी एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या होत्या.

उलट बाजूचं साल २०१०. नोआने मे महिन्यात १४ ते २३ वादळं आणि ८ ते १४ हरिकेन सांगितली होती. झाली १९ आणि १२. अंदाज चोख. पण त्या अख्ख्या वर्षात अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आलं नाही. फ्लोरिडात बोट ठेवणाऱ्याला तो हंगाम शांत वाटला असेल. सेंट लुसियातल्या माणसाला विचारा, तो ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या टोमासबद्दल सांगेल.

वल्हं

मला तर हे सगळे आकडे हवेत मारलेले बाण वाटतात. दरवर्षी एप्रिलमध्ये मोठा मथळा आणि डिसेंबरात कुणी हिशेब विचारत नाही.

सागरगोटा

@वल्हं, हे मला मान्य नाही, आणि माझा विषय हवामानशास्त्राचा असल्याने थोडं लांबण लावतो.

हिशेब दिला जातो. कोलोरॅडोचा गट दर हंगामानंतर स्वतःच्या अंदाजाची तपासणी प्रसिद्ध करतो. विल्यम ग्रे यांनी हे काम १९८४ साली सुरू केलं. पुढे हा गट डिसेंबरमध्येच पुढच्या वर्षाचे आकडे द्यायचा. सुमारे वीस वर्षांचे अंदाज पडताळल्यावर त्यात कौशल्य (नुसती सरासरी सांगण्यापेक्षा सरस अचूकता) दिसेना, तेव्हा २०११ च्या डिसेंबरात त्यांनी तसं जाहीर सांगून आकडे देणं थांबवलं. स्वतःचंच काम असं तपासून बंद करणाऱ्यांना बाण मारणारे म्हणू नये.

अंदाज कशावर उभा असतो? मुख्य दोन खांब. एक, प्रशांत महासागरातला एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती. तो असला की कॅरिबियन आणि उष्णकटिबंधीय अटलांटिकवर वरच्या थरातले पश्चिमी वारे जोर धरतात, खालचे व्यापारी वारे पूर्वेकडून येतच असतात, आणि या दोन थरांतल्या फरकाने, म्हणजे विंड शिअरने, वादळाचा उभा खांब तिरका होऊन मोडतो. ला निना, म्हणजे याच्या उलट स्थिती, असली की शिअर कमी. दुसरा खांब म्हणजे आफ्रिका ते कॅरिबियन या पट्ट्यातलं समुद्राचं तापमान. पाणी जितकं गरम तितकं इंधन जास्त. या दोन्ही गोष्टी संथ चालीच्या असतात, म्हणून महिनोन्महिने आधी काही बोलता येतं.

अडचण एप्रिलची आहे. एल निनोचा वसंतातला अंदाज कुप्रसिद्धपणे कच्चा असतो. जून उलटल्यावर चित्र स्पष्ट होत जातं. गलबत यांनी सांगितलेलं २०१७ त्यातलंच. म्हणून एप्रिलच्या अंदाजात कौशल्य माफक, जूनच्यात बरं, ऑगस्टच्यात चांगलं. पण तुमची बोट ऑगस्टपर्यंत वाट बघू शकत नाही.

शिवाय काही गोष्टी या दोन खांबांत मावत नाहीत. २०१३ घ्या. कोलोरॅडोचा एप्रिलचा अंदाज १८ वादळं, ९ हरिकेन, ४ तीव्र. नोआचाही तसाच भारी. झाली १४ वादळं, हरिकेन फक्त २, तीव्र एकही नाही. एल निनो नव्हता, पाणी थंड नव्हतं. पण मधल्या थरात कोरडी आणि खाली बसणारी हवा हंगामभर ठाण मांडून होती. आणि २०२४? एप्रिलमध्ये कोलोरॅडोने २३ वादळं सांगितली, त्यांच्या एप्रिलच्या अंदाजांमधला सर्वांत मोठा आकडा. ऑगस्टच्या मध्यानंतर, ऐन भरात, हंगाम जवळपास थंडावला. आफ्रिकेतून येणारे हवेचे तरंग नेहमीपेक्षा उत्तरेकडून, कोरड्या भागातून बाहेर पडत होते. लोकांनी अंदाज फसला म्हणून जाहीर केलं. मग सप्टेंबरच्या शेवटी हेलीन, ऑक्टोबरात मिल्टन. अखेरीस १८ वादळं, ११ हरिकेन, ५ तीव्र. हरिकेन आणि तीव्र हरिकेन या दोन्ही आकड्यांत एप्रिलचा अंदाज तंतोतंत.

आणखी एक. नोआ जो पल्ला देते तो ७०% खात्रीचा असतो. म्हणजे दहांतल्या तीन वर्षी आकडा पल्ल्याबाहेर जाणं हे त्यांनी आधीच सांगितलेलं असतं. २०२५ ला हरिकेन ६ ते १० सांगितली होती, झाली ५. पण त्या पाचांतली चार तीव्र, आणि त्यांतली तीन पाचव्या श्रेणीची. नुसत्या संख्येवरून हे कळत नाही.

दक्षिणवारा

@सागरगोटा, फार उपयोगी. पण मित्र म्हणेल की बघ, कौशल्य आहे ना! मग कमी अंदाजाच्या वर्षी धोका कमी हे खरंच की.

सागरगोटा

खरं आहे. किती कमी, हे बघायला हवं.

कोलोरॅडोचा गट आकड्यांसोबत शक्यताही देतो. २०२४ च्या त्या विक्रमी अंदाजात एक तक्ता होता: अमेरिकेच्या मुख्य भूमीवर कुठेतरी तीव्र हरिकेन धडकण्याची शक्यता ६२%, सरासरी वर्षी ४३%. तीव्र हरिकेन कॅरिबियनमधून कुठूनतरी जाण्याची शक्यता ६६%, सरासरी वर्षी ४७%. हे नीट वाचा. एप्रिलमधल्या सर्वांत भयानक अंदाजाने अख्ख्या कॅरिबियनची शक्यता ४७ वरून ६६ वर नेली. आता 'कुठेतरी' च्या जागी 'अँटिग्वाच्या एका बंदरात' असं लिहा. दोन्ही आकडे खूप लहान होतात, आणि त्यांच्यातलं अंतरही. उलट दिशेने तेच. शांत अंदाजाच्या वर्षी तुमच्या बंदराचा धोका थोडा घटतो, नाहीसा होत नाही.

तुमचा निर्णय मात्र थोडा बदलत नाही. बोट एक तर तिथे असते किंवा नसते. अंदाज ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो आहे 'या वर्षी अटलांटिकमध्ये किती?' तुमचा प्रश्न आहे 'या खाडीत येईल का?' पहिल्याचं उत्तर अगदी अचूक मिळालं तरी दुसऱ्याचं मिळत नाही. नोआ स्वतः दरवर्षी लिहिते की हा किनाऱ्यावर धडकण्याचा अंदाज नव्हे. वादळाची वाट त्या आठवड्यातल्या हवेच्या दाबावर ठरते, आणि ती एप्रिलमध्ये कुणालाच दिसत नाही.

ध्रुवमत्स्य

मी व्यापारी जहाजांवर आहे, अटलांटिक आणि मेक्सिकोच्या आखातात बरीच वर्षं काढली. माझ्या मते या चर्चेत सर्वांत महत्त्वाचं साल २०१५ आहे.

त्या वर्षी जोरदार एल निनो होता. नोआने सरासरीपेक्षा कमी हंगाम सांगितला, ६ ते ११ वादळं, ३ ते ६ हरिकेन, तीव्र फार तर २. झाली ११, ४ आणि २. प्रत्येक आकडा पल्ल्यात. अंदाज म्हणून याहून बरोबर काय असतं?

त्या ४ हरिकेनांपैकी एक ज्वाकीन. फ्लोरिडाच्या जॅक्सनव्हिलहून सान ह्वानला निघालेलं एल फारो हे मालवाहू जहाज १ ऑक्टोबर २०१५ ला बहामाजवळ त्यात बुडालं. जहाजावरचे ३३ च्या ३३ लोक गेले. चौकशीतून बऱ्याच गोष्टी पुढे आल्या: जहाजाची स्थिती, कंपनीची देखरेख, आणि कप्तान ज्या हवामान माहितीवर मुख्यतः अवलंबून होते ती काही तास शिळी असायची. शिवाय ज्वाकीनचा मार्ग आणि जोर या दोन्हींचा सुरुवातीचा अंदाज चुकला होता. ते अपेक्षेपेक्षा नैर्ऋत्येला सरकलं. त्या ३३ घरांसाठी तो हंगाम 'सरासरीपेक्षा कमी' नव्हता. मला या विषयावर बोलताना अजून जड जातं.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एरिका. हरिकेन झालंच नाही, साधं उष्णकटिबंधीय वादळ. डोमिनिकात पावसाने डोंगर खाली आले आणि तीसच्या आसपास माणसं गेली. हंगामी अंदाजात एरिका म्हणजे '११ पैकी १'.

आणि १९९२ तर सगळ्यांना माहीत असेलच. मोजकी वादळं, तीव्र एकच, तेही ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेलं आणि हंगामातलं नाव मिळालेलं पहिलंच. ते अँड्र्यू. पाचव्या श्रेणीत फ्लोरिडावर.

पांढरं_शीड

नवीन आहे, प्रश्न बाळबोध असेल. मग हे अंदाज बघूच नयेत का?

सागरगोटा

बघावेत. विमा कंपन्या, मदत साहित्याचा साठा करणारे, बरेच किनारे एकदम सांभाळणारे लोक यांच्या ते कामाचे आहेत, कारण त्यांचा प्रश्नच 'एकूण किती' असा असतो. शंभर बंदरांत शंभर बोटी असलेल्या कंपनीला ४७ आणि ६६ मधला फरक पैशात मोजता येतो. एका बोटीच्या मालकाला येत नाही.

बोटवाल्यासाठी जास्त मोलाची गोष्ट मात्र कमी चर्चेत असते: कोणत्या महिन्यात वादळं कुठे जन्मतात. जूनमध्ये मुख्यतः मेक्सिकोचं आखात आणि पश्चिम कॅरिबियन. ऑगस्टच्या मध्यापासून आफ्रिकेकडून येणारी लांब पल्ल्याची वादळं, ज्यांच्या वाटेत लीवर्ड बेटं (अँटिग्वा ज्यांत येतं ती) पहिली. शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. ऑक्टोबरात जन्मस्थान पुन्हा पश्चिम कॅरिबियनकडे सरकतं. २०२५ चं मेलिसा २८ ऑक्टोबरला जमैकावर ताशी १८५ मैलांच्या वाऱ्यांनी धडकलं, ते याच चौकटीतलं. दीडशे वर्षांच्या नोंदींतून आलेलं हे वेळापत्रक दर एप्रिलला बदलत नाही.

केतकीचं_बन

विम्याच्या बाजूने लिहिते, कारण भागीदारीत शेवटी तोच मुद्दा चालतो. @दक्षिणवारा, तुमची पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये तारीख आणि अक्षांश दिलेले असतात: जून किंवा जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत बोट अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला हवी. १२ अंश ४० मिनिटं ही रेषा बऱ्याचदा दिसते. रेषेच्या उत्तरेला राहायचं तर नाव मिळालेल्या वादळाचं नुकसान वगळलेलं असतं, किंवा डिडक्टिबल (नुकसानातला आपण सोसायचा वाटा) दुप्पट होतं, किंवा आधी लेखी हरिकेन योजना मंजूर करून घ्यावी लागते. कोणत्या साखळ्या, किती दोर, शिडं उतरवणार का, तुम्ही परदेशी असताना हे सगळं कोण करणार, त्या माणसाचं नाव.

माझ्या पॉलिसीत 'अंदाज कमी असल्यास सूट' असं कलम नाही, आणि अशा कलमाची पॉलिसी माझ्या पाहण्यात आलेली नाही. तुमच्या मित्राची कल्पना बहुधा इथेच अडेल.

गलबत

केतकीताईंच्या रेषेबद्दल एक महत्त्वाची भर. ती रेषा देवाने आखलेली नाही.

२००४ पर्यंत 'ग्रेनाडा हरिकेनच्या पट्ट्याबाहेर आहे' असं सर्रास म्हटलं जायचं. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन थेट तिथे आलं. उन्हाळ्यासाठी सुरक्षित म्हणून आणलेल्या बोटी यार्डात टेकूंवरून एकीवर एक कोसळल्या. त्यानंतर तिथल्या यार्डांनी बोटी जमिनीला पट्ट्यांनी बांधायला सुरुवात केली.

आणि १ जुलै २०२४ चं बेरील. कॅरियाकू बेट १२ अंश ३० मिनिटांच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या दक्षिणेला. बेरील २८ जूनला डिप्रेशन (वादळाआधीचा कमी दाबाचा पट्टा) झालं आणि तीन दिवसांत चौथ्या श्रेणीत कॅरियाकूवर होतं. टिरेल बे च्या खारफुटीत शिरून बसलेल्या बोटींचं अतोनात नुकसान झालं. पॉलिसीची अट पाळलेली, जागाही वादळासाठीची म्हणून ओळखली जाणारी, आणि तारीख १ जुलै. त्या काळात अटलांटिकच्या त्या भागात तीव्र हरिकेन अपेक्षित नसतं.

त्यामुळे माझी पसंती त्रिनिदाद, साधारण १० अंश ४० मिनिटं. ग्रेनाडालाच ठेवायची असेल तर पाण्याबाहेर, वेल्ड केलेल्या क्रेडलमध्ये (बोट धरून ठेवणाऱ्या चौकटीत), जमिनीत पुरलेल्या नांगरांना पट्ट्यांनी बांधून, आणि जमलं तर डोलकाठी उतरवून. उभ्या डोलकाठीवर वारा किती जोर लावतो हे लोक विसरतात. गुंडाळलेलं शीड तर काढायलाच हवं. वादळात ते सुटलं की बोट टेकूवरून ओढली जाते.

नोव्हेंबर सरेपर्यंत थांबता हे उत्तम. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी पश्चिमेकडून पूर्वेकडे आलं. बेटांची पश्चिम बाजू म्हणजे व्यापारी वाऱ्यांपासून आडोसा, सगळे नांगरतळ तिथेच. त्या सगळ्यांवर समुद्र समोरून आला.

दक्षिणवारा

दक्षिणेला नेलेली बोट हंगामात हलवायची वेळ आली तर? आमच्यापैकी एक जण जुलैत तिथे असतो.

ध्रुवमत्स्य

त्यासाठी हंगामी अंदाज विसरा आणि मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा सात दिवसांचा आढावा रोज बघा. २०२३ पासून तो सात दिवसांचा झाला, आधी पाच होते. ज्या तरंगाला अजून नावही नाही, त्याचीही शक्यता त्यात टक्क्यांत असते.

वादळ तयार झाल्यावर जहाजांवर आम्ही १-२-३ चा नियम वापरतो. ३४ नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याचा घेर जिथवर सांगितला आहे त्यात २४ तासांच्या स्थानासाठी १०० सागरी मैल, ४८ तासांसाठी २००, ७२ तासांसाठी ३०० मिळवा. जो भाग तयार होईल त्यात शिरायचं नाही. नकाशावरच्या शंकूला धोक्याची हद्द समजू नका. तो फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, तोही तीनांतून दोन वेळा लागू पडेल इतक्या रुंदीचा. वारा आणि लाटा त्याच्या बाहेर खूप दूर पोचतात.

तुमची बोट ६ नॉटने दिवसाला १५० मैलांच्या आत जाईल. ७२ तासांचे ते ३०० मैल म्हणजे तुमचे दोन पूर्ण दिवस. म्हणून शिडाच्या बोटीने वादळाला नाव मिळायची वाट बघू नये. तरंगाची शक्यता वाढत चालली आणि दिशा तुमच्याकडे असेल तर तेव्हाच निघावं. ग्रेनाडाहून त्रिनिदाद एका रात्रीचा पल्ला आहे, पण तो समुद्र खवळण्याआधीचा. आणि पोचल्यावर यार्डात जागा मिळेल असं गृहीत धरू नका, तेव्हा सगळेच तिथे निघालेले असतात.

वल्हं

@सागरगोटा, बाणांबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. डिसेंबरचा अंदाज त्यांनी स्वतः बंद केला हे माहीत नव्हतं.

दक्षिणवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दोघा भागीदारांना पाठवला आणि काल रात्री बोलणं झालं. मित्राने ४७ आणि ६६ चा हिशेब स्वतः पुन्हा मांडून पाहिला. त्याला सर्वांत जास्त लागला तो २०१५ चा मुद्दा: अंदाज पूर्ण बरोबर येऊनही जहाज गेलं. त्याने आपली सूचना मागे घेतली.

आता भागीदारीच्या करारात लिहितो आहोत: अंदाज काहीही असो, ३१ मे च्या आत बोट त्रिनिदादला पाण्याबाहेर, शिडं आणि बिमिनी (डेकवरचं कापडी छत) उतरवायची, डोलकाठीचा खर्च यार्डाकडून कळल्यावर ठरवू, १ डिसेंबरआधी उत्तरेला निघायचं नाही. पॉलिसीतला अक्षांश आणि तारखा पहिल्या पानावर. जुलैत जो तिथे असेल त्याने रोज सात दिवसांचा आढावा बघून तिघांच्या गटावर टाकायचा.

एकच राहिलं. ग्रेनाडा ते त्रिनिदाद रात्रीच्या प्रवासात लुटीचे प्रकार झाल्याचं वाचलं. त्याचं काय करता?

गलबत

झालेत, प्रामुख्याने वाटेतल्या गॅस प्लॅटफॉर्मच्या आसपास. निघण्याआधी त्रिनिदादच्या तटरक्षक दलाला फ्लोट प्लॅन पाठवा: बोटीचं नाव, माणसं, निघायची आणि पोचायची वेळ, मार्ग. सरळ रेषेऐवजी थोडं पूर्वेकडून जा, म्हणजे व्हेनेझुएलाच्या बाजूपासून अंतर राहील आणि पश्चिमेकडे ढकलणारा प्रवाहही हिशेबात येईल. दुसरी एखादी बोट सोबत असेल तर उत्तम. मे च्या तिसऱ्या आठवड्यात बरेच जण निघतात, ग्रेनाडात सकाळच्या रेडिओ नेटवर (बोटवाल्यांच्या रेडिओवरच्या बोलण्यात) विचारा.